विकलेला मासा परत घेण्याची तयारी

शोभेचे जिवंत मासे उघड्या बाजारात विकू द्यावेत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो; पण जिथे तो गांभीर्याने विचारला गेला तिथे उत्तरे कडक आली आहेत. ब्रिटनने पाळीव प्राण्यांच्या विक्रीविषयीच्या १९५१ च्या कायद्यात १९८३ साली दुरुस्ती करून रस्त्यावर, सार्वजनिक जागी आणि बाजारातल्या गाड्यांवर प्राणी विकायला मनाई केली, आणि त्या कायद्यातली प्राण्याची व्याख्या सर्व पृष्ठवंशीयांना लागू असल्यामुळे मासेही तिच्यात आले. रोम शहराने २००५ मध्ये गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवण्यावर आणि जत्रेत मासा बक्षीस देण्यावर बंदी घातली. या निर्णयांमागची कळकळ मला पूर्णपणे पटते. मात्र माशांना बाजारातून हद्दपार करणे हा मला योग्य मार्ग वाटत नाही, कारण स्वतः पैदास करून जवळच्या बाजारात मासे विकणारा माणूस हा या सबंध व्यवहारातला सर्वांत जबाबदार दुवा होऊ शकतो. तो तसा व्हावा यासाठी त्याच्यावर एक अट घालावी लागेल, आणि ती पाळणे सोपे नाही: गिऱ्हाइकाला नकोसा झालेला मासा परत घेण्याची तयारी असेल, तरच त्याने तो विकावा.

ही अट स्थानिक पैदासकारालाच का घालायची, हे समजण्यासाठी मासा एरवी कोणत्या वाटेने येतो ते पाहावे लागते. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे आज मत्स्यशेतीत तयार होतात. तिथून ते निर्यातदाराकडे, मग विमानाने आयातदाराकडे, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी दुकानात पोचतात. प्रत्येक टप्प्यावर पाणी बदलते, तापमान बदलते, शेजारी बदलतात, आणि प्रत्येक टाकीतले रोगजंतू पुढच्या टाकीत जातात. दुकानदाराला त्या माशाचे वय ठाऊक नसते, त्याला कोणते औषध दिले गेले ते ठाऊक नसते, तो कोणत्या पाण्यात वाढला तेही ठाऊक नसते. याउलट आपल्याच परिसरातल्या पाण्यात गप्पी किंवा मॉली हे छोटे शोभिवंत मासे वाढवणारा माणूस पिल्लांचा जन्म कधीचा हे सांगू शकतो, त्यांचे आईबाप दाखवू शकतो, आणि गिऱ्हाइकाच्या नळाला येणारे पाणी बहुधा त्याच्या टाकीतल्या पाण्यासारखेच असते. ही माहिती त्याच्याजवळ आपसूक असते. ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची की झाकून ठेवायची, एवढाच प्रश्न उरतो.

जबाबदारीची सुरुवात मात्र बाजारात होत नाही. जोडी लावण्याचा निर्णय घेतला जातो त्या क्षणी ती होते, आणि नेमक्या याच टप्प्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. गप्पीची मादी साधारण महिन्याला एकदा पिल्ले देते, एका वेळी वीसपंचवीसपासून पन्नासपर्यंत किंवा त्याहूनही अधिक. शिवाय एकदा नराशी संबंध आल्यावर ती शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर वेगळा काढला तरी पिल्ले होतच राहतात. पैदास थांबवायची तर पिल्लांवर रोज लक्ष ठेवावे लागते. पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग दिसू लागला की ती मादी, पोटाखालचा मागचा पर निमुळता होऊन काडीसारखा दिसू लागला की तो नर, आणि ही ओळख पटताच दोघांना वेगवेगळ्या टाक्यांत हलवायचे. ज्याच्याकडे वेगळ्या टाक्या नाहीत त्याच्याकडे दोनतीन महिन्यांत भावंडांची आपसातली संतती सुरू होते, आणि काही पिढ्यांत वाकडे कणे, आखूड आयुष्य आणि घटलेली जननक्षमता दिसू लागते. अशी पिल्ले ‘घरची पैदास’ म्हणून विकली जातात तेव्हा त्या शब्दांतला विश्वास फुकट जातो.

फायटर या भांडखोर माशाच्या बाबतीत हिशेब आणखी कठोर आहे. नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीभोवती अंगाचा वेढा घालतो, खाली पडणारी अंडी तोंडात उचलून एकेक करून त्या फेसात नेऊन ठेवतो. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि इवलीशी पिल्ले शेपट्या खाली करून घरट्याला लोंबकळतात. एखादे निसटून तळाशी जाऊ लागले की नर खाली झेपावतो आणि त्याला परत वर आणतो. हे दृश्य पाहून कुणालाही पैदास करावीशी वाटावी, यात नवल नाही. पण एका खेपेला शेदोनशे पिल्ले सहज होतात आणि काही महिन्यांत त्यांतले नर एकमेकांच्या अंगावर जाऊ लागतात. तेव्हा प्रत्येक नराला स्वतंत्र भांडे द्यावे लागते आणि प्रत्येक भांड्यातले पाणी वरचेवर बदलावे लागते. शंभर नर निपजले तर शंभर भांडी लागतील. एवढी भांडी, तेवढे पाणी आणि ते मासे घेणारी माणसे नजरेसमोर नसताना ही जोडी लावणे मला गैर वाटते, मग ती कितीही आवडीने लावलेली असो. आधी गिऱ्हाईक, मग जोडी, असा क्रम लहान पैदासकाराने पाळला पाहिजे. तो पाळणे त्यालाच शक्य असते, कारण त्याचे गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचे असते.

काय वाढवायचे याचाही विचार हवा. पाठीचा कणा आखडून पोट फुगलेली बलून मॉली, डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबणारा बबल-आय गोल्डफिश, तोंड नीट मिटता न येणारा ब्लड पॅरट या सगळ्यांची मागणी आहे आणि त्यांना कायद्याने सहसा कुणी अडवत नाही. तरीही ज्या शरीराला पोहणे, खाणे किंवा पाहणे अवघड जाते, ते मुद्दाम पिढ्यान्‌पिढ्या घडवत राहण्याचे समर्थन मला करता येत नाही. सुईने अंगात रंग टोचलेले पारदर्शक काचमासे आणि नर संप्रेरके खाऊ घालून वेळेआधी रंगवलेले मासे ही तर उघड फसवणूक आहे, कारण टोचलेला रंग काही महिन्यांत विरतो आणि संप्रेरक दिलेल्या माशांना पुढे पिल्ले होतीलच याचा भरवसा नसतो. सदोष निपजलेल्या पिल्लांचे काय करायचे, हा प्रश्नही पैदासकाराने टाळू नये. जी नीट जगू शकतात ती विक्रीला न काढता सांभाळावीत. ज्यांना जगणे म्हणजे नुसती उपासमार आहे, त्यांना लवंगतेलातल्या युजेनॉलच्या पुरेशा मात्रेने आधी बेशुद्ध करून वेदनेविना मरू द्यावे. संडासात सोडून पाणी ओढणे ही क्रूरता आहे.

‘मासाच तो, त्याला काय कळते’ हे उत्तर इथे हमखास येते. २००३ मध्ये संशोधक लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचून पाहिले. त्या माशांचा श्वास जलद झाला, ते नेहमीपेक्षा कितीतरी उशिराने खाण्याकडे वळले, आणि आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. माशाला नेमके काय जाणवते यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे, पण त्याला काहीच जाणवत नाही असे गृहीत धरून व्यवहार करण्याचा हक्क आता आपल्याला राहिलेला नाही.

आता प्रत्यक्ष बाजाराचा दिवस. उघड्यावरच्या विक्रीला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तिशीच्या पाण्यात साडेसात. आणि पाणी तापते तशी माशाची प्राणवायूची गरज वाढत जाते. म्हणजे उन्हात ठेवलेल्या पिशवीत पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, त्यात अमोनियाही साचत जातो. यावरचे उपाय अनुभवी लोकांना माहीत आहेत. नेण्याआधी एक दिवस माशांना खाऊ घालायचे नाही, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू ठेवायचा. पिशव्या थर्माकोलच्या झाकणबंद खोक्यात ठेवायच्या. टेबलावर मोजकेच मासे मांडायचे आणि तेही सावलीत, एअर पंप लावलेल्या टाकीत. एवढी सोय जिथे होत नाही तिथे त्या दिवशी मासे नेऊच नयेत, कारण उन्हाचा तडाखा असलेल्या दिवशी विक्री बंद ठेवणे हा धंद्याचाच भाग आहे. फायटर ओंजळभर पाण्यात विकण्याची रीत मात्र कोणत्याच हवामानात समर्थनीय नाही. तो पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो हे खरे, पण त्यामुळे त्या पाण्यातला अमोनिया कमी होत नाही आणि त्याला लागणारी पंचवीस-सव्वीस अंशांची ऊबही मिळत नाही.

पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यावर काय घडते, हेही विक्रेत्याने समजावून सांगायला हवे. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी किंचित आम्लधर्मी होते, आणि अशा पाण्यातला बहुतेक अमोनिया त्याच्या कमी विषारी रूपात, म्हणजे अमोनियम होऊन राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याची आम्लता उतरते आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर टाकीत तरंगत ठेवणे माशाला घातक ठरू शकते. तापमान जुळेपर्यंत पिशवी बंद ठेवावी आणि उघडल्यावर चालढकल करू नये. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. ही दोन मिनिटांत सांगता येणारी गोष्ट आहे, पण ती न सांगितल्यामुळे कित्येक मासे पहिल्याच रात्री मरतात आणि दोष ‘नाजूक जातीला’ दिला जातो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे टाकी. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये नीट वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकत घेणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलेले नसते. इथे विक्रेत्याने नाही म्हणायला शिकले पाहिजे. आज टाकी न्या, ती चालू ठेवा, मासे महिन्याने न्या, असे म्हणणाऱ्याची त्या दिवसाची विक्री बुडते, पण त्याने विकलेले मासे जगतात. वस्ती लवकर वसावी म्हणून आपल्या चालू फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा तो गिऱ्हाइकाला देऊ शकतो, अर्थात आपल्या टाकीत रोग नसल्याची खात्री असेल तर. कारखान्यातून आलेल्या खोक्यात ही सोय मिळत नाही.

इथे मला ‘मेला तर बदलून देतो’ या हमीविषयी बोलायचे आहे, कारण ती प्रामाणिकपणाची खूण समजली जाते. माझ्या मते ती बरेचदा त्याच्या उलट असते. मासा का मेला हे न पाहता दुसरा देणे म्हणजे त्याच दूषित पाण्यात आणखी एक जीव पाठवणे होय. हमी गिऱ्हाइकाच्या खिशाला मिळते, माशाला काहीच मिळत नाही. बदली मासा द्यायचाच असेल तर आधी टाकीतले पाणी बाटलीत भरून आणायला सांगावे, अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी करावी, आणि पाणी सुधारेपर्यंत मासा देऊ नये. परत घेण्याची तयारी ही याहून अगदी वेगळी गोष्ट आहे. बदली देणारा मेलेल्या माशाची भरपाई करतो, परत घेणारा जिवंत माशाची जबाबदारी पुन्हा अंगावर घेतो.

ही जबाबदारी का लागते, तर मासे वाढतात आणि माणसांची परिस्थिती बदलते. टाकीतले शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा विकताना बोटाएवढा असतो आणि पुढे चाळीस सेंटिमीटरच्या वर जाऊ शकतो. शार्क म्हणून विकला जाणारा पंगस मीटरभराहून मोठा होतो. गोल्डफिश दहापंधरा वर्षे सहज जगतो. ब्रिटनमधल्या एका जत्रेत १९५६ मध्ये बक्षीस म्हणून मिळालेला गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा होईपर्यंत जगल्याची नोंद आहे. एखाद्या लहान मुलाच्या हाती हौसेने दिलेला मासा ते मूल मोठे होऊन घर सोडून गेल्यावरही जिवंत असू शकतो, हे देणाऱ्याच्या मनात क्वचितच येते. घर बदलते, आजारपण येते, टाकी लहान पडते, आणि मग दयाळूपणाच्या भावनेनेच माणूस मासा जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून देतो.

त्या दयाळूपणाची किंमत फार मोठी असते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहरातल्या तळ्यात २०२१ मध्ये सोडून दिलेले गोल्डफिश वाढून फूटभर लांबीचे झालेले सापडले आणि पाळीव मासे तळ्यात सोडू नका, असे आवाहन शहराला करावे लागले. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा मेक्सिकोतल्या इन्फिएर्निल्यो जलाशयात इतका माजला की तिथल्या तिलापिया या खाद्य माशाच्या मासेमारीचे कंबरडे मोडले. शिवाय त्याचे नर अंड्यांसाठी काठात बिळे खणतात, त्यामुळे काठ ढासळतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिल्यांदा आढळलेला लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. तो मत्स्यालयांतून सुटला किंवा सोडला गेला असे मानले जाते, आणि आज तो कॅरिबियन प्रवाळांवरचे लहान मासे फस्त करत आहे. रोगांची वाट तर डोळ्यांना दिसतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००३ मध्ये मरे कॉड या खाद्य माशाच्या संवर्धन केंद्रात विषाणूची साथ आली, तेव्हा तो विषाणू आयात केलेल्या ड्वार्फ गुरामी या शोभिवंत माशातल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. एका टाकीतला मासा ही फक्त त्या टाकीच्या मालकाची बाब राहत नाही, ती अशी.

मासे सोडू नका, असे फलक लावून हे थांबत नाही. सोडणाऱ्याला दुसरी वाट दिसत नसते म्हणून तो सोडतो. ज्याच्याकडून मासा घेतला तो माणूस ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी असतो आणि विनामूल्य, एका शब्दाने न टोचता मासा परत घेतो, एवढी खात्री असली तर नदीची वाट धरण्याचे कारणच उरत नाही. परत आलेल्या माशाला मात्र तीनचार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवले पाहिजे आणि त्याची जाळी, नळ्या, बादलीही वेगळ्या असल्या पाहिजेत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशाच्या कातडीत असेपर्यंत औषधाला दाद देत नाही; तो बाहेर पडून पाण्यात पोहू लागतो तेव्हाच मरतो, म्हणून दोन दिवस मासा बरा दिसला एवढ्यावर त्याला इतरांत मिसळणे धोक्याचे. यासाठी जागा लागते, श्रम लागतात, आणि परत घ्यायचे आहे या जाणिवेने विक्रेता आपोआपच मीटरभर वाढणारा मासा लहान टाकीसाठी विकेनासा होतो. या अटीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा परिणाम हाच आहे. उपदेशाने जे साधत नाही ते इथे स्वतःच्या टाक्यांच्या मोजमापाने साधते.

पकडून आणलेल्या माशांविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. समुद्री शोभिवंत माशांपैकी बहुतेक आजही समुद्रातून पकडलेलेच असतात, आणि १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झालेली सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची पद्धत प्रवाळांना मारत आली आहे. तिथे क्लाउनफिशसारखी पैदास होणारी जात निवडणे निर्विवाद बरे. पण ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीकाठच्या बार्सेलोस भागात कार्डिनल टेट्रा हे छोटे शोभिवंत मासे पकडणाऱ्या कुटुंबांची उपजीविका नदी आणि जंगल शाबूत राहण्यावर अवलंबून आहे, त्यामुळे पकडलेला तो वाईट आणि पैदास केलेला तो चांगला असा सरसकट निवाडा करता येत नाही. मासा कुठून आला हे भांड्यावर लिहिलेले असावे, एवढी मागणी मात्र सर्वत्र रास्त आहे.

अशी अट घातली तर गरीब विक्रेता मरेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो मला गंभीर वाटतो, कारण बाजारात टेबल मांडणाऱ्याची मिळकत बेताची असते आणि परत आलेल्या माशांना पोसायला पैसा लागतो. म्हणून हा भार एकट्याने उचलण्याची गरज नाही. बाजार चालवणाऱ्या संस्थेने विक्रेत्यांकडून गाळाभाड्यातला थोडा वाटा घेऊन एक सामाईक विलगीकरण टाकी चालवावी, पैदासकारांची साधी नोंद ठेवावी, आणि प्रत्येक जातीच्या भांड्यावर पूर्ण वाढीची लांबी, आयुर्मान आणि लागणारी किमान टाकी लिहिणे बंधनकारक करावे. लहान मुलाला पालकाविना मासा विकू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना प्राणी विकता येत नाही, आणि हा नियम कुठेही जसाच्या तसा घेता येईल. यांपैकी कशालाही नवे खाते किंवा निरीक्षकांची फौज लागत नाही. दर खेपेला वेगळ्या बाजारात जाऊन, कुणी ओळखू नये अशा बेताने बेवारस मासे खपवणाऱ्यांना ही व्यवस्था परवडणार नाही आणि ते बाजार सोडतील. त्यांनी तो सोडावा, असेच मला वाटते.